लागू पडतं, हे कुणी शोधलं?

ऑक्टोबर उजाडतो, वैद्यकाच्या नोबेलची घोषणा होते आणि तासाभरात वगळलेल्यांची यादी फिरू लागते. इन्सुलिनचं पारितोषिक १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं. बेस्ट आणि कॉलिप राहिले. पेनिसिलिनचं १९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. नॉर्मन हीटली राहिले. स्ट्रेप्टोमायसिनसाठी १९५२ साली एकट्या वॅक्समन यांचं नाव लागलं. ज्या विद्यार्थ्याच्या हातून ते औषध निघालं ते आल्बर्ट शॅट्झ राहिले. मग दोन तट पडतात. एक तट म्हणतो, विज्ञान आता शेकडो लोकांनी मिळून करायचं काम झालंय, दोन-तीन जणांच्या गळ्यात पदक घालण्याचं हे जुनं खूळ बंद करा. दुसरा म्हणतो, लोकांना चेहरे लागतात, चेहऱ्यांवाचून विज्ञानाची आवड कुणाला लागणार? मीही ही यादी वर्षानुवर्षं मोठ्या चवीनं वाचत आणि सांगत आलोय. अन्यायाच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात, ऐकायला त्याहून.

पण हा वाद चुकीच्या जागी अडकलाय. कोणती माणसं राहून गेली यावर शंभर वर्षं भांडण चाललंय, आणि कोणतं काम राहून गेलं हे विचारायचं मात्र राहूनच जातं. रोगावर उपाय सापडणं ही एक गोष्ट. तो खरोखर लागू पडतो का, किती पडतो, कुणाला पडतो आणि कुणाला उलट अपाय करतो, हे शोधून काढणं ही वेगळी गोष्ट. हे दुसरं काम पहिल्याइतकंच कठीण असतं, बहुतेक वेळा अधिक वेळखाऊ असतं, आणि खाटेवर पडलेल्या माणसाचं बरंवाईट त्याच्यावरच ठरतं. उपचार पुढे नेणाऱ्या संशोधनाचा सन्मान करतो असं म्हणणाऱ्या पारितोषिकाला या कामाकडे पाठ फिरवण्याचा अधिकार नाही. वैद्यकाच्या नोबेलनं ती जवळजवळ सव्वाशे वर्षं फिरवली आहे.

याची सगळ्यात बोलकी कहाणी पहिल्याच नोबेलपाशी सुरू होते. १८९० साली एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवलं की रोगाला सरावलेल्या जनावराच्या रक्तातला द्रव दुसऱ्या जनावराला दिला तर त्यालाही संरक्षण मिळतं. त्यातून घटसर्पावरचं सीरम आलं. घटसर्प म्हणजे गळ्यात पडदा धरून लहान मुलांचा श्वास कोंडणारा रोग. युरोपभर सीरमचा जयजयकार सुरू झाला. तरी शंका घेणारे होते, आणि त्यांची शंका रास्त होती. घटसर्पाची साथ कधी उग्र येते, कधी सौम्य. सौम्य साथीत मुलं वाचली, तर श्रेय सीरमला द्यायचं की साथीला? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली नाही, हे ठरवायचं कसं?

कोपनहेगनमधल्या एका तरुण डॉक्टरनं ते ठरवलं. ब्लेग्डम रुग्णालयात मे १८९६ ते मे १८९७ असं पूर्ण वर्षभर त्यानं एक साधा नियम पाळला. आज दाखल झालेल्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सीरम, उद्या दाखल होणाऱ्यांना फक्त नेहमीचे उपचार, परवा पुन्हा सीरम. कुणाला द्यायचं हे डॉक्टरच्या मर्जीवर नाही, रुग्णाच्या अवस्थेवर नाही, तर केवळ दाखल होण्याच्या दिवसावर. वर्षाअखेरीस हिशेब मांडला: सीरम मिळालेल्या २३९ जणांपैकी ८ दगावले, न मिळालेल्या २४५ जणांपैकी ३०. वाद मिटावा असा फरक. १८९८ साली हे प्रसिद्ध झालं. वैद्यकाचा इतिहास लिहिणारे आज या चाचणीकडे नीट आखलेल्या पहिल्या काही तुलनात्मक चाचण्यांपैकी एक म्हणून पाहतात.

१९०१ साली वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल सीरमसाठीच दिलं गेलं, बेरिंग यांना. कोपनहेगनच्या त्या डॉक्टरचं नाव योहानेस फिबिगर. त्यांनाही पुढे नोबेल मिळालं, १९२६ सालचं, पण या चाचणीसाठी नाही. ते मिळालं उंदरांच्या जठरात एका कृमीमुळे कर्करोग होतो या शोधासाठी, आणि तो शोध नंतर टिकला नाही. त्या गाठींमागे कृमीपेक्षा उंदरांच्या आहारातली जीवनसत्त्वाची उणीव असल्याचं पुढे दिसून आलं. एकाच माणसानं आयुष्यात दोन कामं केली. एक अजून उभं आहे, दुसरं कोसळलं. पारितोषिक कोसळलेल्याला मिळालं. याला योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं, पण निवडीचा कल त्यात इतका स्पष्ट दिसतो की सोडवत नाही. कृमी हा ‘शोध’ होता. एक दिवसाआड सीरम देऊन वर्षभर नोंदी ठेवणं ही ‘हिशेबाची वही’ होती.

शोध या शब्दावर बोट ठेवणारे इथे हात वर करतील, आणि त्यांचं म्हणणं कागदोपत्री बरोबर आहे. नोबेल यांनी १८९५ च्या मृत्युपत्रात शब्द जपून वापरले आहेत. भौतिकीत शोध किंवा नवी युक्ती, रसायनशास्त्रात शोध किंवा सुधारणा, आणि वैद्यकात मात्र फक्त शोध. निवड समिती मृत्युपत्राला बांधील आहे, मग तिला दोष कशाला? ठीक. पण त्याच मृत्युपत्रात असंही लिहिलंय की पारितोषिक आदल्या वर्षी मानवजातीचं सर्वाधिक भलं करणाऱ्याला द्यावं. आदल्या वर्षी! आज कामानंतर वीस-तीस वर्षं थांबून पदक दिलं जातं आणि कुणाची हरकत नसते. त्यात ‘ज्या व्यक्तीनं’ असा एकवचनी उल्लेख आहे, तरी दोघातिघांत वाटणी सर्रास होते. म्हणजे मृत्युपत्रातला शब्द सोयीचा असेल तिथे काळ्या दगडावरची रेघ, गैरसोयीचा असेल तिथे पाण्यावरची. आणि एखादा उपाय लागू पडतो हे कळणं हा शोध नाही, असं तर खुद्द समितीनंही मानलेलं नाही. १९४९ साली पोर्तुगालचे एगास मोनिझ यांना पारितोषिक देताना तिनं कारण लिहिलं ते असं: काही मनोविकारांत मेंदूतले तंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियेचं उपचारमूल्य त्यांनी शोधलं.

मोनिझ यांचं नाव घेतलं की विरोधकांच्या हाती त्यांचं सर्वांत धारदार हत्यार येतं, हे मला ठाऊक आहे. ते म्हणतील, उपचारांना पदकं द्यायला गेलं की असं होतं. ज्या शस्त्रक्रियेनं हजारो माणसं आयुष्यभरासाठी मंद, विझलेली झाली, तिला जगातला सर्वोच्च सन्मान मिळाला. १९२७ साली वॅगनर-याउरेग यांना मिळालेल्या पारितोषिकाचंही तेच. उपदंश मेंदूपर्यंत पोचलेल्या रुग्णाला मुद्दाम मलेरिया द्यायचा, हा त्यांचा उपचार पेनिसिलिन येताच इतिहासजमा झाला. उपचार येतात आणि जातात, शरीराच्या कामकाजाबद्दलचं ज्ञान टिकतं. समिती दुधानं तोंड पोळलेली आहे, ती ताक फुंकून पिते आणि पेशींच्या व रेणूंच्या शोधांपाशी थांबते, यात चूक काय?

आक्षेप वजनदार आहे. पण मोनिझ यांच्या बाबतीत नेमकी कशाची कमतरता होती ते पाहा. १९३५ च्या अखेरीस त्यांनी शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि पुढच्याच वर्षी पहिल्या वीस रुग्णांचा अहवाल छापला. तुलनेला दुसरा गट नाही. रुग्णांवर लक्ष ठेवलं तेही थोडा काळ. बरं वाटलं की नाही, हे ठरवणारे शस्त्रक्रिया करणारेच. आता १९४९ च्या एकच वर्ष आधी काय घडलं होतं? १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. रुग्ण १०७. कुणाला औषध आणि कुणाला नुसती विश्रांती, हे बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांनी ठरलेलं. पाकीट उघडेपर्यंत डॉक्टरलाही पत्ता नाही. एक्स-रे वाचणाऱ्यांना ती फिल्म कोणत्या गटातली हे ठाऊक नाही. सहा महिन्यांत औषधाच्या गटातल्या ५५ पैकी ४ जण गेले, दुसऱ्या गटातल्या ५२ पैकी १४. एवढ्यावर चाचणी थांबली नाही. औषधाला जंतू सरावतात आणि सुरुवातीचा फायदा ओसरू लागतो, हेही तिनंच दाखवलं. म्हणून पुढच्या चाचणीत दुसरं औषध जोडीला दिलं गेलं आणि क्षयावर एकाहून अधिक औषधं एकत्र देण्याची पद्धत रुजली. म्हणजे उपचाराचं मूल्य कसं शोधायचं याचा वस्तुपाठ जगासमोर ताजा होता, तेव्हाच समिती वीस रुग्णांच्या अहवालातून निघालेल्या उपचाराला पदक देत होती. मोनिझ यांच्या गोष्टीवरून उपचारांना पदक देऊ नये असं ठरत नाही. सिद्ध करण्याच्या कामाला किंमत न देणाऱ्यांना सिद्ध झालेलं आणि न झालेलं यांतला फरक दिसत नाही, एवढं मात्र ठरतं.

तीन वर्षांनी, १९५२ साली, स्ट्रेप्टोमायसिनला नोबेल मिळालं. शॅट्झ यांच्यावरच्या अन्यायाबद्दल आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय. प्रकरण कोर्टात गेलं होतं आणि तडजोडीत त्यांना सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली, हेही लोक जाणतात. त्या चाचणीचा सांगाडा उभा करणारे संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचं नाव मात्र वगळलेल्यांच्या यादीतसुद्धा क्वचित सापडतं. वगळलेल्यांची यादी करणाऱ्यांनीही त्यांना वगळलंय! दोन्ही तट एकाच जागी अडकलेत असं मी वर म्हटलं ते यासाठी.

पोलिओचं घ्या, तिथेही तेच. १९५४ चं नोबेल पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेत ऊतींवर वाढवून दाखवणाऱ्या एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांना मिळालं. लस करणाऱ्या साल्क यांना ते कधीच मिळालं नाही, आणि याबद्दल हळहळणारे आजही भेटतात. मला समितीची बाजू पटते. विषाणू वाढवताच आला नसता तर साल्क यांनी लस कशाची केली असती? मूलभूत संशोधन हा पाया आहे, त्याला बाजारात गिऱ्हाईक नसतं, म्हणून पारितोषिकांनी त्याची पाठराखण करावी, हा युक्तिवाद मी पूर्णपणे मान्य करतो. पण त्याच १९५४ साली आणखी एक गोष्ट चालू होती. थॉमस फ्रान्सिस यांच्या देखरेखीखाली सुमारे १८ लाख मुलांचा समावेश असलेली लसीची चाचणी. एप्रिल १९५५ मध्ये निकाल लागला आणि त्या निकालाच्या जोरावर लस जगभर गेली. एंडर्स की साल्क, हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो. फ्रान्सिस यांचं नाव त्यात घेतो कोण? पाया आणि कळस यांच्यावर आपण तावातावानं भांडतो, आणि घर ज्यांच्यावर उभं आहे त्या भिंती कुणी बांधल्या हे विचारत नाही.

‘पाया पक्का असला की बाकीचं आपोआप उभं राहतं’ असं मानणाऱ्यांना मी हृदयविकाराचं एक उदाहरण देतो. झटका येऊन गेलेल्या माणसाच्या हृदयात काही ठोके अवेळी पडतात, आणि ज्यांच्यात असे ठोके जास्त त्यांच्या दगावण्याचा धोका जास्त, हे निरीक्षण खरं होतं. ते ठोके दाबणारी औषधं होती, आणि ती खरोखर दाबत होती. मग तर्क सरळ: औषध द्या, ठोके थांबतील, माणूस वाचेल. डॉक्टर ती औषधं सद्भावनेनं देतही होते. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रीतसर तुलना केली गेली. दोन औषधांपैकी एक घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू झाले, आणि औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. यंत्रणा बरोबर, तर्क बरोबर, औषधाचा परिणामही अपेक्षेप्रमाणे, आणि मृत्यू दुपटीहून जास्त. ही तुलना झाली नसती तर किती काळ ती औषधं दिली गेली असती? या निष्कर्षाला ज्ञान म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? शरीराबद्दल आपली समजूत कुठे तोकडी पडते हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे शोध फार नसतात. फक्त हा नकाराचा शोध होता, आणि नकाराच्या गळ्यात पदक घालणं कुणालाच जमत नाही.

‘उपचारातल्या यशाला बाजार भरपूर देतो, तिथे पदक कशाला’ हा मुद्दा मात्र मला तितकासा भक्कम वाटत नाही. बाजार देतो ते ज्याचं पेटंट घेता येतं त्याला. मीठ, सोडा आणि साखरेच्या पाण्याचं पेटंट कोण घेणार? आतड्यात साखरेबरोबर क्षार आणि पाणी ओढलं जातं, ही यंत्रणा रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. ढाक्यात नॅलिन आणि कॅश यांनी पटकीच्या रुग्णांवर तिचा उपयोग करून १९६८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून हेच पाणी वाटायला सांगितलं आणि पाजायची जबाबदारी रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवली. सुमारे तीस टक्क्यांवर गेलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. (इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, हे मान्य. त्या छावणीत कुणाला पाणी नाकारायचं याच्या चिठ्ठ्या टाकणं शक्यही नव्हतं आणि योग्यही नव्हतं.) या शृंखलेतल्या एकाही कडीला नोबेल मिळालं नाही, मूलभूत संशोधनाची कडी असलेल्या क्रेन यांनासुद्धा. मूलभूत संशोधनाचे कैवारी याचं उत्तर काय देतात ते मला ऐकायला आवडेल.

कोविडच्या काळात हेच अधिक झगझगीतपणे दिसलं. २०२३ चं नोबेल कोविडच्या एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या कारिको आणि वाइसमन यांना मिळालं, आणि रास्त मिळालं. त्यांचा महत्त्वाचा निबंध २००५ सालचा होता आणि मधली कितीतरी वर्षं त्याची फारशी कुणाला पडलेली नव्हती. पण रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांसाठी पहिली पक्की बातमी आली ती जून २०२० मध्ये, ‘रिकव्हरी’ या ब्रिटिश चाचणीतून. औषध होतं डेक्सामेथासोन, १९५० च्या दशकातलं, अत्यंत स्वस्त. ते द्यावं की देऊ नये यावर तज्ज्ञांत उघड मतभेद होते, आणि दोन्ही बाजूंकडे पटण्यासारखे तर्क होते. २,१०४ जणांना औषध देऊन ४,३२१ जणांशी तुलना केली तेव्हा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आल्याचं दिसलं, आणि ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काहीच लाभ नसल्याचंही. ज्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर जगभर गदारोळ चालला होता ते उपयोगाचं नाही, हेही याच चाचणीनं त्याच महिन्यात सांगितलं. या कामातून कुणाची तिजोरी भरली?

चाचण्या म्हणजे धुतल्या तांदळासारख्या असतात असं मी म्हणत नाही. पुष्कळशा चाचण्यांचा खर्च औषध विकणाराच करतो. प्रतिकूल निकाल दाबले जातात, अनुकूल निकालांचे ढोल वाजतात. पण मग पारितोषिकानं कोणाकडे बघावं हे सोपं होतं. जी चाचणी स्वतंत्र आहे, जिचा आराखडा आधी जाहीर झालाय, जिनं हाती आलं ते सगळं उघड केलंय, तिच्याकडे.

राहिला प्रश्न नावाचा. हजारो रुग्ण, शेकडो डॉक्टर, परिचारिका, संख्याशास्त्रज्ञ. पदक द्यायचं कुणाला? सगळ्यांना दिलेलं पदक कुणालाच दिल्यासारखं होतं, ही भीती खोटी नाही. नोबेलच्या नियमांनी तिघांहून अधिक जणांत वाटणी करायला मनाई केली आहे हे सगळे सांगतात. पण त्याच नियमांनी एखाद्या संस्थेला पारितोषिक द्यायचं की नाही हे ठरवण्याची मुभा प्रत्येक निवड मंडळाला दिली आहे. शांततेच्या पारितोषिकात ती वापरली जाते, रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला तर ते तीनदा मिळालंय. वैद्यकाचं मंडळ ती वापरत नाही, ही त्याची मर्जी. मृत्युपत्राच्या माथी ती मारू नये. आणि अमेरिकेतल्या लास्कर या वैद्यकीय पारितोषिकांत १९४० च्या दशकापासून मूलभूत आणि रुग्णांवरच्या संशोधनाला वेगळी स्थानं आहेत. साल्क यांना ते मिळालं, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांचा पहिला रेणू बुरशीतून काढणारे अकिरा एंडो यांनाही मिळालं. मात्र कोलेस्टेरॉल उतरवल्यानं माणसं खरंच जास्त जगतात हे १९९४ साली ४,४४४ रुग्णांवरच्या ज्या चाचणीनं दाखवलं, तिचं नाव हृदयरोगतज्ज्ञांपलीकडे कुणाच्या कानावर नाही.

अशा कामाचं मानपत्र कधी लिहिलं गेलंच, तर त्यातली एक ओळ लिहिणाऱ्याला जड जाईल. १९४८ च्या त्या चाचणीत ज्यांना नुसती विश्रांती मिळाली त्या ५२ जणांना आपण चाचणीत आहोत हे सांगितलेलंच नव्हतं. औषध इतकं तुटपुंजं होतं की सगळ्यांना पुरणार नव्हतं, त्यामुळे कुणाचा घास कुणी हिरावला असं नाही. पण आज त्यांच्याकडून लेखी संमती घेतली गेली असती, नाही म्हणायची मुभा दिली गेली असती. तेव्हा कुणी विचारलं नाही. क्षयाच्या औषधाबद्दल जगाला जे कळलं त्यातलं अर्धं त्या ५२ जणांकडून कळलं, आणि त्यांतले १४ जण पहिल्या सहा महिन्यांतच गेले, आपण काय शिकवून जातोय हे माहीत नसताना.